ओटीपी कोणी सांगितला?

नागपूरच्या त्रिमूर्तीनगर भागातून एका वाचक ताईंचं चार पानी पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात सांगते.

ताई नोकरी करतात, मिस्टर मिहानमधल्या एका कंपनीत आहेत. मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. मुलगी आठ वर्षांची. मे महिन्यात ताईंचा भाऊ जर्मनीहून सुट्टीवर आला होता. एका दुपारी भाचा काय खेळतोय म्हणून तो कूलरच्या खोलीत डोकावला आणि बाहेर येऊन म्हणाला, "ताई, हा गेम अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. आमच्याकडे दुकानदार तो पोराला विकूच शकत नाही. मी माझ्यासाठी मागवला होता, तर पार्सलवाल्याने माझ्या मुलाच्या हातात डबा दिला नाही. माझं ओळखपत्र बघितलं, मग दिला." गेम कोणता, तर मोठ्या शहरात गाड्या पळवायच्या, लोकांना लुटायचं, मारायचं, तो जगभर गाजलेला. चौकशीअंती कळलं की जानेवारीत सेल लागला तेव्हा मुलाने तो वडिलांच्या कार्डावर घेतला. जन्मतारखेच्या रकान्यात १ जानेवारी १९०० टाकली. ओटीपी वडिलांनीच फोनवरून सांगितला. यावरून साल्या-मेहुण्यांची जुंपली. "काही होत नाही बाप्पा. आम्ही का कमी पाह्यलं लहानपणी? तुमचं जर्मनी तुमच्यापाशीच राहू द्या," असं मिस्टर म्हणाले. भाऊ ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच निघून गेला.

ताईंचे प्रश्न असे. आपल्याकडे असा कायदा का नाही? सरकारने ऑनलाइन गेमवर बंदी आणली म्हणतात, त्यात हा बसत नाही का? मुलाचे गुण ८४ टक्क्यांवरून ७६ वर आलेत, गेम काढून टाकू का? तो म्हणतो, "वर्गातले सगळे खेळतात, मीच एकटा येडा दिसतो." आणि पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या वर एक ओळ आहे: "लहानीही बाजूला बसून बघत असते."

ताई,

तुमच्या मुलाच्या जन्मतारखेवर मला आधी हसूच आलं. त्या हिशोबाने पोरगा आज सव्वाशे वर्षांचा झाला. १९२० साली आपल्या नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा तो वीस वर्षांचा तरणाबांड गडी होता. गंमत सोडा, पण त्या रकान्याची किंमत यावरून कळते. सालाचं चाक जोरात फिरवायचं आणि थांबेल तिथे बोट ठेवायचं. पोरं खोटं बोलतोय असं मानतसुद्धा नाहीत. त्यांच्या लेखी ते दाराला असलेलं एक बटण आहे, दाबलं की दार उघडतं.

दुसऱ्यांदा पत्र वाचलं तेव्हा मात्र तुम्ही लिहिलेल्या फोनच्या संभाषणाशी थांबले. ते इथे जसंच्या तसं देते.

"बाबा, ओटीपी आला असेल बघा." "कशाचा रे?" "गेमचा." "किती?" "साडेसातशे." "हं, लिही."

मिस्टरांनी "किती" विचारलं, "कोणता" विचारलं नाही. मी त्यांना दोष देत नाहीये. माझ्या माहितीतल्या दहापैकी नऊ बापांनी हेच विचारलं असतं, आणि आयांनी तर "अभ्यास झाला का" एवढंच. पण तुमच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली या एका शब्दात आहे. म्हणून आधी जर्मनीकडे बघू आणि मग तुमच्या घराकडे येऊ.

तुमच्या भावाने सांगितलं ते खरं आहे. जर्मनीत गेमची तपासणी करून वयाचा शिक्का देणारी यूएसके नावाची संस्था १९९४ पासून आहे. शिक्के पाच: पांढरा शून्याचा, पिवळा सहाचा, हिरवा बाराचा, निळा सोळाचा आणि लाल अठराचा. सुरुवातीला ते नुसते सल्ल्यापुरते होते. एप्रिल २००२ मध्ये एरफुर्ट शहरातल्या एका शाळेत माजी विद्यार्थ्याने गोळीबार करून सोळा जणांचा जीव घेतला आणि देशभर गेमवर चर्चा पेटली. १ एप्रिल २००३ पासून नवा युवा संरक्षण कायदा लागू झाला, आणि तेव्हापासून हे शिक्के दुकानदाराला बंधनकारक आहेत. मोडले तर पन्नास हजार युरोपर्यंत दंड. लाल शिक्क्याचा डबा टपालाने पाठवायचा तर तो मोठ्या माणसाच्याच हातात पडेल अशी सोय विकणाऱ्याने करायची. तुमच्या भावाच्या दारात पार्सलवाला ओळखपत्र मागत उभा राहिला तो त्यामुळेच.

डबा होता तोवर हे जमलं. गेम तारेतून घरात यायला लागल्यावर सगळ्यांचीच तारांबळ उडाली. २०१२ सालची गोष्ट. निन्टेंडो कंपनीचं युरोपातलं कार्यालय जर्मनीत, त्यामुळे जर्मन नियम लागू. तिथल्या टीव्हीचा जुना संकेत असा की मोठ्यांचे कार्यक्रम रात्री अकरानंतर. तोच त्यांनी ऑनलाइन दुकानाला लावला आणि अठरावरचे गेम रात्री अकरा ते पहाटे तीन एवढ्याच वेळात विकायचं ठरवलं. का, तर मुलं तेव्हा झोपलेली असतात! ज्याने हा नियम काढला त्याच्या घरात बारावीचं पोर नसावं. आपल्याकडे अकरा ते तीन या वेळात जागं कोण असतं, आईबाप की पोरं, हे मी तुम्हाला सांगायला नको. अगदी अलीकडे, नोव्हेंबर २०२४ पासून, स्टीम या मोठ्या ऑनलाइन दुकानात ज्या गेमला जर्मनीत चालेल असा वयाचा शिक्का नाही तो जर्मन गिऱ्हाइकाला दिसतच नाही. मग गिऱ्हाईक चाळिशीचं का असेना.

इतरांचेही प्रयोग बघा. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळाखालच्या मुलांना रात्री बारा ते सहा ऑनलाइन गेम बंद केले. पोरं आईबापांच्या ओळख क्रमांकावर खेळू लागली. दहा वर्षांनी सरकारने तो कायदाच गुंडाळला. चीनने २०२१ मध्ये अठराखालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच एक तास ठेवला. तिथे आता मध्यरात्री 'साठ वर्षांच्या' खात्यांवर कोण खेळतंय हे बघायला कंपन्या चेहरा तपासतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने मुलांना हिंसक गेम विकायला बंदी केली होती. २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ती घटनाबाह्य ठरवली. म्हणजे तिकडचे सगळे एका सुरात एकच नियम पाळताहेत आणि आपणच मागे पडलोय, असं काही नाही.

आता तुमच्या भावाने सांगितली नाही ती गोष्ट. मुद्दाम लपवली असं नव्हे, बहुधा त्याच्या ध्यानात नसेल. जर्मन कायदा गेम मुलांच्या हाती "सार्वजनिक ठिकाणी" देण्याबद्दल बोलतो. तो दुकानदाराला धरतो, पाठवणाऱ्याला धरतो. घराच्या उंबऱ्याशी आला की थांबतो. घरात कोणाला काय खेळू द्यायचं हे त्याने आईबापांवर सोडलंय. तो लाल शिक्क्याचा डबा तुमच्या भावाने सही करून घरात घेतला, दार लावलं, त्यानंतर त्याच्या पंधरा वर्षांच्या मुलाने त्याला हात लावला की नाही, हे बघायला कोणताही पार्सलवाला येत नाही.

मग फरक काय? फरक एवढाच की तिथे दारात कोणीतरी एकदा विचारतं, "हे कोणासाठी?" आपल्याकडे तो प्रश्न ओटीपीच्या रूपाने येतो. सहा आकडी, बापाच्या फोनवर, त्याच्या संमतीशिवाय पुढे न सरकणारा. जर्मनीत पार्सलवाला जे करतो ते काम तुमच्या घरी जानेवारीत मिस्टरांकडे आलं होतं. त्यांनी ओळखपत्र न बघता पार्सल देऊन टाकलं, इतकंच.

आपल्या कायद्याचं म्हणाल, तर सिनेमाला जसं सेन्सॉर बोर्ड आहे तसं गेमला आपल्याकडे नाही. ओटीटीवरच्या मालिकांना २०२१ च्या नियमांनी वयाचे पाच गट दिले, ७+, १३+, १६+ वगैरे. गेमला तेही नाहीत. मोबाइलच्या गुगलच्या दुकानात गेमखाली ३+ ते १८+ असा आकडा दिसतो, तो एका आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीतून आलेला असतो. आपल्याकडे विकायला येणाऱ्या अनेक डब्यांवर युरोपच्या पेगी संस्थेचा आकडा असतो. दोन्ही माहितीपुरते. बर्डीच्या बाजारात एखाद्या दुकानदाराने तुमच्या मुलाला अठराचा डबा विकला, तर तो आकडा मोडला म्हणून त्याला धरणारा कायदा नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा वेगळ्याच दुखण्यावर आहे. पैसे लावून खेळायचे, जिंकले तर पैसे मिळण्याचे खेळ त्याने बंद करायला घेतले. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड अशी तरतूद त्यात आहे. तुमच्या मुलाचा गेम एकदा विकत घेऊन खेळायचा आहे, त्यात कितीही गोळ्या झाडल्या तरी तो या कायद्यात येत नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ मला बऱ्याच पत्रांत दिसते. ज्यांच्या घरात मुलगा रमीत किंवा क्रिकेटच्या संघात पैसे लावत होता त्यांचा प्रश्न निराळा, त्यावर पुन्हा कधीतरी.

एक जुना कायदा मात्र तुमच्या कामाचा आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अठराखालचा मुलगा करार करू शकत नाही, आणि १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या आपल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, सांगून टाकलं की असा करार मुळातच शून्य. ऑनलाइन दुकानात खातं उघडणं हाही करारच. तेव्हा ते खातं आणि तो गेम आपलाच, हा मुलाचा दावा कायद्याच्या नजरेने टिकायचा नाही; पैसेही मिस्टरांच्या कार्डावरचे. हे भांडणात वापरायला देत नाहीये. "माझं खातं, माझा गेम" असं मुलगा म्हणाला, तर शांतपणे सांगता यावं म्हणून.

आता तुमच्या मनातली खरी भीती. हा गेम खेळून पोरगा बिघडेल का?

आपण नागपूरकर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत काढतो. काळी, पिवळी, आणि मागे बडग्ये, असे मोठाले पुतळे. त्या वर्षी जे जे सलत असेल ते त्यांच्या गळ्यात अडकवायचं आणि "घेऊन जा गे मारबत" म्हणून वेशीबाहेर न्यायचं. मला वाटतं मुलांच्या बाबतीत गेमचा आपण तसाच बडग्या केलाय. गुण घसरले, गेम. उलट बोलतो, गेम. जेवत नाही, गेम. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये अभ्यासांचा आढावा घेऊन म्हटलं की गेम आणि खरीखुरी हिंसा यांचं नातं दाखवायला पुरेसा पुरावा नाही. आरडाओरड, ढकलाढकली अशा चिडचिडीशी थोडासा संबंध दिसतो, तेवढाच. ८४ चे ७६ म्हणाल, तर मी एकतीस वर्षं शाळेत काढलीत, नववीत आठ टक्के गेम नसलेल्या पोरांचेही जातात. तुम्ही गुण बघू नका. झोप बघा, जेवण बघा, आणि मित्र दारात आले तर तो उठतो का ते बघा. खेळ आवरता न येणं, त्यापायी बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, हे वर्षभर चाललं तर त्याला आजार म्हणतात आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आहेत. तुमच्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही. मे महिन्यात ४५ अंशांत अकरा ते पाच पोरगा कूलरसमोर बसून खेळला, तर तो आजार नव्हे, तो नागपूरचा उन्हाळा आहे.

तरी "काही होत नाही बाप्पा" हेही मला पटत नाही. त्याचं कारण मला मागच्या आठवड्यात कळलं.

तुमचं पत्र आलं म्हणून मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलाला म्हटलं, मला तो गेम दाखव. तासभर बसले. गाडी चालवायला दिली तर मी लाल सिग्नलला थांबले. तो म्हणाला, "आजी, इथे कोणी थांबत नाही." म्हटलं, आपल्या चौकात तरी कोण थांबतं! गेमच्या कथेत मारामारी आहे, अंगावर येणारे प्रसंग आहेत, मला एक दोनदा मान फिरवावी लागली. पण ती एक रचलेली गोष्ट आहे हे कळत राहतं. मग त्याने ऑनलाइनचा भाग उघडला आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. एक पुरुषी आवाज, तिशीतला असावा, हिंदीतून आईबहिणीवरून सुरू होता. त्याला तितक्याच सफाईने उत्तर देणारा दुसरा आवाज दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा होता. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. म्हणजे त्या मुलाची आई तिथेच, चार पावलांवर होती. हेडफोन त्याच्या कानात होता, तिला काय कळणार?

कुठल्याही डब्यावरचा आकडा हे तुम्हाला सांगणार नाही. आकडा कंपनीने बनवलेल्या गेमला असतो. पलीकडून कोण बोलतंय त्याला शिक्का कोण देणार? जर्मनीला हे उशिरा का होईना कळलं. मे २०२१ च्या सुधारणेनंतर तिथे अनोळखी लोकांशी गप्पा, पैसे खर्च करायला लावणाऱ्या युक्त्या, यांचाही विचार वय ठरवताना होऊ लागला. गाजलेल्या फुटबॉलच्या एका गेमला, ईए स्पोर्ट्स एफसी २४ ला, पेगीने तीन वर्षांचा आकडा दिला आणि जर्मनीने बाराचा. फुटबॉल तोच, गोलही तेच. बंद पाकिटातून खेळाडू विकत घ्यायचा मोह हेच त्या फरकाचं मोठं कारण.

म्हणून ताई, गेम काढून टाकण्याआधी एक साधी गोष्ट मुलाला विचारा: कथा संपली का? सात महिने झाले. माझा अंदाज, ती फेब्रुवारीतच संपली असेल. म्हणजे ज्या दृश्यांनी तुमच्या भावाला धक्का बसला ती त्याने कधीच मागे टाकलीत, आणि आता रोज खेळतो तो ऑनलाइनचा भाग. तसं असेल तर तुमचा निर्णय बंदुकीबद्दल राहिलेलाच नाही, तो अनोळखी माणसांबद्दल आहे.

माझं मत विचाराल तर चौदाव्या वर्षी गेम पुसून टाकू नका. (अकराचा असता तर आजच काढा म्हटलं असतं, आणि ज्या वाचकांची मुलं त्या वयाची आहेत त्यांनी तसंच करावं.) पुसलात तर तो मित्राकडे जाईल, नाहीतर तासाच्या भावाने खेळायला देणाऱ्या पार्लरमध्ये, आणि तिथे तुमचा कान अजिबातच पोचणार नाही. पैसे परत मिळायची आशाही सोडा. स्टीमसारखी दुकानं खरेदीपासून चौदा दिवसांत, तेही दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच परत देतात.

ऑनलाइन भाग मात्र उघडा ठेवू नका. अशा बऱ्याच गेममध्ये फक्त आपल्या ओळखीच्यांचा बंद गट करता येतो आणि अनोळखी आवाज बंद करता येतो. ते तुम्ही करू नका, त्यालाच शेजारी बसवून करायला लावा, आणि हेडफोनऐवजी स्पीकर. "वर्गातले सगळे" कोण ते विचारून घ्या; माझ्या अनुभवात हे सगळे म्हणजे तिघे असतात. त्या तिघांपैकी दोघांच्या आयांना फोन करा. बहुतेक त्याही हेच पत्र लिहायच्या बेतात असतील. चार घरांनी मिळून वेळ ठरवली की "मीच एकटा येडा" हा मुद्दा आपोआप गळतो.

मग ते सव्वाशे वर्षांचं खातं. मुलाचं खऱ्या जन्मतारखेचं वेगळं खातं काढा. स्टीममध्ये कुटुंबाचा गट करता येतो, त्यात मुलाने गेम मागितला की मागणी आईबापांकडे येते. कोणते गेम, किती वेळ, हेही ठरवता येतं. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, अँड्रॉइडचा फोन, सगळीकडे असं काही ना काही आहे. अर्धा तास लागतो. पासवर्ड मुलाच्या वाढदिवसाचा ठेवू नका, एवढी कृपा करा.

आणि ओटीपीचा नियम: आधी गेमचं नाव, मग आकडे. नाव कळलं की त्या गेमचं पान उघडून आकड्याच्या खाली बघायचं. पेगीची चित्रं सोपी आहेत: मूठ म्हणजे हिंसा, कोळी म्हणजे भीती, फासा म्हणजे जुगार, सुई म्हणजे नशा, हातात कार्ड म्हणजे खेळताना आणखी पैसे लागणार. सोळाचा आकडा कोळ्यामुळे आहे की सुईमुळे, यावर तुमचं उत्तर बदलेल, बदलायलाच हवं. काही मुलं दुकानातून रोखीने रिडीम कोड, म्हणजे आधीच पैसे भरलेला नंबर, आणतात, तिथे ओटीपी येतच नाही. त्या खर्चाचा हिशोब खिशातल्या पैशांतच विचारावा लागतो. कोणी गेममधून फोटो किंवा पैसे मागितले तर मुलाला रागावण्यात वेळ घालवू नका. पैशाची फसवणूक असेल तर १९३० आणि मुलाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर १०९८ हे क्रमांक फ्रिजवर लावून ठेवा.

हे सगळं मुलाला सांगायचं मिस्टरांनी. तुम्ही नाही. तुम्ही सांगितलंत तर आई नको म्हणते आणि बाबा घेऊन देतात, ही वाटणी पक्की होईल, आणि दहावीपर्यंत ती तुम्हाला पुरेल. ओटीपी त्यांनी सांगितला होता. "मी न विचारता दिला, ते चुकलं माझं" एवढं वाक्य त्यांच्या तोंडून पोराने ऐकलं तर पुढचं निम्मं काम झालं. ते कबूल होतील का? भावाचं नाव मध्ये आणलंत तर होणार नाहीत. पत्र वाचताना मला जाणवलं की त्या दिवशीचं भांडण गेमवरून झालंच नाही. माहेरचा माणूस घरात येऊन "तुमच्याकडे हे असं कसं" म्हणाला, ते लागलं. जर्मनी बाजूला ठेवा आणि मिस्टरांना फक्त तासभर मुलाशेजारी बसून खेळायला सांगा. त्यांनी लहानपणी बर्डीच्या फुटपाथवरून आणलेल्या सीड्यांत काहीही असो, त्यातून कोणी उलट बोलत नव्हतं. हे त्यांना कानाने ऐकू द्या.

आता लहानी. तुम्ही तिला शेवटची एक ओळ दिलीत, मी तिला पहिली दिली असती. चौदा वर्षांच्या मुलाशी वाटाघाटी करता येतात. आठ वर्षांच्या मुलीसमोर तो पडदा नकोच, यात घासाघीस नाही. ती गेम खेळत नसते, दादाजवळ बसलेली असते, कारण घरात एकच कूलर आहे आणि तो त्या खोलीत आहे. तेव्हा दादाचा खेळ ती शाळेत किंवा क्लासला असेल त्या वेळेत टाका. आणि दिवसातला अर्धा तास दादाने तिच्यासोबत खेळायचा असा एक गेम तिला निवडू द्या, तीनच्या किंवा सातच्या आकड्याचा. तो कुरकुरेल. खेळेल मात्र, कारण हरवायला कोणीतरी हवंच असतं.

राखीला भावाचा फोन येईल तेव्हा मे महिन्याचा विषय तुम्ही काढू नका. त्याने काढलाच, तर हसत हसत एवढंच विचारा की तो लाल शिक्क्याचा डबा सध्या त्याच्या घरात कुठल्या फळीवर असतो, आणि पोराचा हात तिथवर पोचतो का.